नियम नक्की कुणाला बांधतात?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत एक वाद इतका मुरलेला आहे, की दोन्ही बाजूंची वाक्यं खेळाडूंना तोंडपाठ असतात. एक बाजू म्हणते, नियम स्पष्ट हवेत, नाहीतर खेळ म्हणजे डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, मर्जी. दुसरी म्हणते, नियमांचा पसारा वाढला की कल्पना गुदमरते. डीएमवर विश्वास ठेवा आणि खेळा. मग कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं की दोन्हींचा समतोल साधायला हवा, आणि विषय तिथेच मिटतो. मला तो तिथे मिटलेला चालत नाही. स्वातंत्र्य हवं म्हणताना ते कुणाचं, हे या वादात कुणी विचारत नाही. टेबलावर डीएमचं स्वातंत्र्य वेगळं आणि खेळाडूंचं वेगळं. बऱ्याचदा एक वाढलं की दुसरं आक्रसतं. माझं म्हणणं सरळ आहे: या खेळांत नियमांनी आधी डीएमला बांधावं. तो बांधला गेला की खेळाडू मोकळा होतो. नियमांची पानं किती असावीत, हा प्रश्न त्यानंतरचा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. चार-पाच जण बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. काही खेळांत त्याला जीएम म्हणतात. गावं, जंगलं, राजे, राक्षस, पाऊसपाणी, सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. डीएम प्रसंग उभा करतो, 'काय करताय?' विचारतो, आणि खेळाडू सांगतील ते त्यांची पात्रं करू पाहतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. पात्राने काय करावं याची ठरलेली यादी नसते. सुचेल ते करून बघता येतं. म्हणूनच पेच पडतो. जे आधी कुणालाच सुचलेलं नव्हतं, त्याचा निकाल कुठल्या नियमाने लावायचा?

आमच्या पुण्यातल्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, पाचवी आवृत्ती. पात्रं बुरुजाच्या जिन्याने वर पळत होती आणि मागून चिलखत घातलेले सहा शिपाई येत होते. चोराचं पात्र खेळणारा म्हणाला, "माझ्याकडे दिव्याच्या तेलाचा बुधला आहे. जिन्यावर ओततो. दगडी पायऱ्या आहेत, घसरतील."

तेलाबद्दल पुस्तकात लिहिलेलं आहे. अंगावर फेकलेलं तेल पेटलं तर किती जादा इजा, जमिनीवर ओतून पेटवलं तर किती वेळ जळेल, सगळं आहे. घसरण्याबद्दल मात्र एक ओळ नाही. त्याच पुस्तकात 'ग्रीस' नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. त्याने दहा फुटांचा चौकोन निसरडा होतो आणि त्यात असलेल्याचा डेक्सटेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने सावरण्यासाठी टाकलेला फासा, चुकला तर तो आडवा पडतो. असा मंत्र टाकला की जादूगाराच्या मोजक्या स्पेल स्लॉटांपैकी एक खर्च होतो. जादूगारणीचं पात्र खेळणारी मैत्रीण लगेच उसळली, "अरे, मग मी हा मंत्र शिकले कशाला? माझा स्पेल स्लॉट जातो त्यात. आणि याचं एका चांदीच्या नाण्याचं तेल तेच काम करणार?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि या प्रश्नाचा सगळा अवघडपणा त्यातच आहे. त्याने प्रसंगाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, जिना दगडी आहे हे लक्षात ठेवलं होतं. तिने नियमांवर विसंबून एक निवड केली होती. डीएमने 'पुस्तकात नाही, सबब होत नाही' म्हटलं असतं, तर तो पुढच्या वेळी जिन्याकडे पाहिलाच नसता, पात्राची कौशल्यं लिहिलेल्या कॅरेक्टर शीटकडे पाहत बसला असता. 'वा, भारी! सगळे पडले!' म्हटलं असतं, तर तिच्या निवडीची किंमत शून्य झाली असती, आणि पुढच्या गावात पहिली खरेदी डझनभर बुधल्यांची झाली असती.

डीएम म्हणाली, "एका बुधल्यात फार तर दोन पायऱ्या भिजतील. पुढचे दोन शिपाई डीसी १२ चा डेक्सटेरिटी सेव्ह टाकतील. पडले तर जिना अडेल आणि मागच्यांची एक फेरी वाया जाईल. त्यानंतर ते भिंत धरून, जपून येतील, मग तेलाचा उपयोग नाही. आणि उतरायला तुम्हालाही हाच जिना आहे. ओततोस?"

तो क्षणभर थांबला. डीसी १२ म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून किमान बारा यायला हवेत. शिपायांचा बोनस एकचा धरला, तर प्रत्येकाच्या पडण्याची शक्यता निम्मी, दोघांतला एक तरी पडण्याची ७५ टक्के. असा काटेकोर हिशेब त्याने केला नसेल, पण अंदाज बांधण्यापुरतं सगळं त्याच्या हातात होतं. मग म्हणाला, "ओततो." आणि जादूगारणीनेही मान डोलावली, कारण तेल मंत्रापेक्षा हलकंच राहिलं होतं.

डीएमने पुस्तक उघडलं नाही, पण नियम सोडूनही दिला नाही. जवळच्या नियमाचं माप घेऊन नव्या गोष्टीला लावलं. त्याहून मोठं काम तिने केलं ते 'ओततोस?' या एका शब्दात. फासे पडण्याआधी पणाला काय लागलं आहे हे सांगितलं, आणि निर्णय परत खेळाडूकडे दिला. एकदा सांगितल्यावर ती स्वतः त्याला बांधली गेली. शिपाई पडले तर 'त्यांच्या बुटांना खिळे होते' असं तिला म्हणता येणार नव्हतं. मी ज्या स्पष्ट नियमाची बाजू घेतो, तो हा.

हा वाद ड्रॅगनांच्या कितीतरी आधीचा आहे. प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली, वडिलांनी सुरू केलेल्या खेळाला नवं रूप देऊन, क्रीग्सश्पील हा युद्धखेळ सैन्यासाठी छापला. १:८००० प्रमाणाचे नकाशे, तुकड्यांसाठी छोटे ठोकळे, दोन मिनिटांची एक चाल, माऱ्याचा परिणाम ठरवायला फासे आणि कोष्टकं, आणि मध्ये एक पंच. खेळाडू पंचाकडे हुकूम द्यायचे आणि त्यांच्या तुकड्यांना जे दिसू शकेल तेवढंच तो त्यांना दाखवायचा. पुढच्या पन्नासेक वर्षांत कोष्टकांचा जाच वाटू लागला. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे आणि कोष्टकं बाजूला ठेवून निव्वळ पंचाच्या निवाड्यावर चालणारा मोकळा खेळ पुढे आणला. 'नियम नकोत, निवाडा पुरे' म्हणणारे आजचे काही गट स्वतःला या मोकळ्या क्रीग्सश्पीलचे वारस म्हणवतात.

वारसा सांगताना एक गोष्ट त्यांच्याकडून सुटते. व्हर्डी फ्रान्सविरुद्धच्या १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाचा जनरल स्टाफ प्रमुख मोल्टके याच्या मुख्यालयात काम केलेला माणूस होता. त्याच्या डोळ्यासमोरचा पंच म्हणजे लढाई जवळून पाहिलेला अधिकारी. उघड्या माळावरून पायदळ तोफांच्या तोंडी गेलं तर काय होतं, हे अशा पंचाला कोष्टकाने सांगावं लागत नव्हतं, आणि समोर बसलेल्या कनिष्ठांनाही त्याच्या अनुभवाची खात्री होती. नियम काढता आले, कारण नियमापेक्षा भरवशाचं काहीतरी खोलीत हजर होतं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ड्रॅगनच्या आगीतून बाहेर आलेला कुणी बसलेला नसतो. मंत्राने बंद केलेलं दार किती वेळ बंद राहतं, भुताला साधी तलवार लागते की नाही, याबाबत डीएमचा अनुभव माझ्याइतकाच, म्हणजे काहीच नाही. तिथे 'माझ्या निवाड्यावर विश्वास ठेव' म्हणणं म्हणजे विश्वास कशावर ठेवायचा हे न सांगता तो मागणं.

यातून हाताशी धरण्याजोगी एक कसोटी मिळते. टेबलावरच्या सगळ्यांनाच ज्याची थोडीफार जाण आहे, तिथे लेखी नियम थोडके पुरतात. पहारेकऱ्याला चहापाण्याला देणं, बाजाराच्या गर्दीत पाठलाग, चिखलात रुतलेली बैलगाडी, खोटं बोलताना चाचरणं: यांत डीएमचा निवाडा चुकला तर बाकीचे लगेच म्हणू शकतात, 'असं नसतं रे.' निवाड्याला तपासणारं कुणीतरी समोर असतं. जादू, राक्षस, तलवारीचे घाव यांत ते शक्य नसतं. तिथे लेखी नियमच तपासणीचं काम करतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकांत मंत्र आणि लढाईने एवढी पानं का खाल्ली, याचं एक कारण मला यात दिसतं. त्यावर 'हा मारामारीचाच खेळ आहे' अशी टीका होते आणि ती पुरती खोटीही नाही, पण गप्पांना आणि वाटाघाटींना कमी पानं दिली म्हणजे त्यांना कमी लेखलं, हा निष्कर्ष घाईचा आहे.

मोकळीक मागणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. हा सगळा प्रकार जन्मालाच आला तो एका पंचाने नियमाबाहेर पाऊल टाकल्यामुळे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली याने १९६९ च्या सुमारास नेपोलियनकालीन लढाईचा एक खेळ मांडला. ब्राउनश्टाइन हे काल्पनिक गाव, आणि सेनापतींखेरीज गावातल्या महापौरासारख्या लोकांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटलेल्या. खेळ सुरू होण्याआधीच मंडळी कोपऱ्यांत जाऊन आपापसांत कट शिजवू लागली, दोघांनी द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि त्याचा नियम वेसलीकडे नव्हता. त्याने जागच्या जागी निकाल दिले. त्याला वाटलं खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायचा हट्ट धरला. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' हे आपलं जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणलं.

तो १९७४ चा खोका स्वातंत्र्यवाद्यांचं लाडकं उदाहरण. तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या छपाईत हजार प्रती. नियम तुटक आणि जागोजागी संदिग्ध. लढाईसाठी 'चेनमेल' हा आधीचा खेळ तुमच्याकडे असेल असं गृहीत धरलेलं. रानातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरायची सूचना. आणि शेवटी आवाहन, की तुमच्या वाटची कल्पना आम्ही का करावी, तुम्हाला हवं तसं ठरवा. या अपुरेपणातून कल्पनेचा केवढा पूर आला, हे खरंच आहे.

पण त्या मोकळिकीचं लोकांनी केलं काय? नियम लिहिले. ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरातल्या केन सेंट आंद्रेला मूळ नियम डोक्यावरून गेले, तर त्याने १९७५ मध्येच साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहून काढला. कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी 'वॉरलॉक' या नावाने आपली लढाईपद्धती छापली. त्यानंतरच्या वर्षांत असे लिहिणारे वाढतच गेले. ही माणसं स्वातंत्र्याला घाबरणारी नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं, की मागच्या शनिवारी दिलेला निकाल या शनिवारीही टिकावा. ज्याच्या परिणामाचा अंदाजच बांधता येत नाही, अशी कृती करायला मोकळीक असली काय आणि नसली काय.

गायगॅक्सने १९७७ ते ७९ मध्ये 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची जाडजूड पुस्तकं काढली. तो म्हणे नियमांचा माणूस. एका अर्थी होताच; खेळाडूंच्या अधिवेशनांत अनोळखी गट एकच भुयार खेळायचे, त्यांची तुलना व्हायची, तिथे सगळ्यांना एकच माप लागायचं. 'टूम ऑफ हॉरर्स' हे कुप्रसिद्ध भुयार त्याने १९७५ च्या ओरिजिन्स अधिवेशनातल्या स्पर्धेसाठीच रचलं होतं. पण १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये त्यानेच डीएमला सांगून ठेवलंय, की हवं तेव्हा फाशाचा निकाल बाजूला सारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेकडो पानांचे नियम, कोष्टकांवर कोष्टकं, आणि खेळातली सगळ्यात बलवान व्यक्ती त्या सगळ्यांतून मोकळी. नियम भरपूर आणि तरीही मनमानी, हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. म्हणूनच पानं मोजून काही कळत नाही.

उलट टोकाचा दोष २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत दिसतो. तिथे डीएमला बांधायचा प्रयत्न मनापासून झाला. जवळजवळ प्रत्येक कृतीला नियम दिला. पण शत्रूच्या हातातलं शस्त्र उडवायचं म्हटलं, तर त्यासाठीचं खास फीट, म्हणजे पात्राने निवडून घेतलेलं कसब, नसेल तर आधी शत्रूलाच तुमच्यावर एक फुकट वार मिळायचा. पाय घालून पाडायचं, मिठी मारून जखडायचं, सगळीकडे तेच. परिणाम टेबलावर दिसायचा: ज्यांच्याकडे ते फीट नाही ते असलं काही करून बघायचेच नाहीत, दर फेरीला मुकाट्याने तलवार चालवायचे. मॅट फिंच यांनी २००८ मध्ये जुन्या पद्धतीच्या खेळासाठी जी छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यातला 'नियम नकोत, निवाडे हवेत' हा आग्रह याच थकव्यातून लोकांना पटला. मलाही तो इथवर पटतो. करून बघण्यावरच दंड बसवणारा नियम वाईटच. पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: बेरजा-वजाबाक्यांच्या यादीऐवजी 'ॲडव्हांटेज', म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाका आणि मोठा घ्या. अकरा हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात. कुणाला काही चांगलं सुचलं की डीएमला पुस्तक न चाळता त्याचा मोबदला देता येतो. एका ओळीचा नियम, पण त्याच्यामुळे सुचण्याला भाव आला.

काही नियम तर स्वतःच कल्पनेचं काम करतात. सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ क्थुल्हू' या १९८१ च्या भयखेळात पात्राच्या मानसिक तोलाचा एक आकडा असतो. त्याची कमाल मर्यादा ९९ वजा त्या अमानवी रहस्याचं तुमचं ज्ञान. जितकं जास्त जाणाल, तितकं तुमचं मन पुन्हा कधीच पूर्ण सावरू शकणार नाही. हे डीएमने कितीही प्रभावी आवाजात वर्णन करून सांगितलं असतं तरी खेळाडूला ते सजावट वाटलं असतं. शीटवरचा आकडा खोडून लहान करताना हात अडखळतो. जुनं पुस्तक सापडलंय, उघडायचं का? प्रश्न खरा होतो, कारण उत्तराची किंमत आधीच माहीत आहे आणि ती माफ करणं डीएमच्या हातात नाही.

या शतकात काही लेखकांनी उघडपणे डीएमसाठी नियम लिहिले, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ती सगळ्यात मोलाची भर आहे. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'ॲपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये खेळ चालवणारा स्वतः फासे टाकतच नाही. त्याने कायम काय बोलावं हे लिहून दिलेलं आहे: खेळाची तत्त्वं मागतील ते, नियम मागतील ते, तुमची तयारी मागेल ते, आणि प्रामाणिकपणा मागेल ते. हा सल्ला म्हणून दिलेला नाही. नियम म्हणून दिलेला आहे. खेळाडू सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. दहा किंवा वर आले तर जमलं, सात ते नऊ आले तर जमलं पण काहीतरी मोजावं लागेल, सहा किंवा खाली आले तर खेळ चालवणाऱ्याची पाळी. एकचा बोनस असेल तर छत्तीसपैकी दहा वेळा निखळ यश, सोळा वेळा किंमत देऊन यश, दहा वेळा संकट. सगळ्यात जास्त वेळा येतो तो मधला निकाल, आणि कथा पुढे ढकलतो तोही तोच.

जॉन हार्पर यांचा २०१७ चा 'ब्लेड्स इन द डार्क' याच्याही पुढे जातो. चोरांच्या टोळीचा खेळ. खेळाडू काय साधायचंय ते सांगतो आणि कुठल्या कौशल्याने हेही तोच ठरवतो. डीएम त्याला 'हे कौशल्य नको, ते टाक' असं फर्मावू शकत नाही. डीएम दोन गोष्टी ठरवतो: धोका किती, आणि जमलं तर परिणाम किती. दोन्ही फासे टाकण्याआधी, मोठ्याने. मग घासाघीस होते. 'धोका कमी कर, मी आधी दिवा विझवतो.' 'ठीक, पण मग अंधारात परिणामही मर्यादित.' निकाल वाईट आलाच, तरी ताण सोसून तो सौम्य करायचा खेळाडूचा हक्क राखून ठेवलेला. वाचायला हे कोरडं वाटेल, पण टेबलावर ती घासाघीस हाच कल्पनेचा सगळ्यात रंगलेला भाग होतो, कारण प्रत्येक नव्या तपशिलाचं वजन लगेच कळतं.

मोकळ्या निवाड्याची खरी झळ कुणाला लागते, हे मी जवळून पाहिलंय. एका टेबलावर मी खेळाडू होतो. एक मुलगी गोडबोल्या भाटाचं पात्र खेळत होती, शीटवर करिश्मा सगळ्यांत जास्त. स्वतः ती अबोल. सरदाराचं मन वळवायची वेळ आली तेव्हा डीएम म्हणाला, "बोल ना, काय बोलतेस त्याला? ऐकव." ती दोन वाक्यं बोलली, तिसऱ्याला अडखळली. डीएमने मान हलवली, "नाही पटलं त्याला." फासे पडलेच नाहीत. त्याच संध्याकाळी आमच्यातल्या काडीपहिलवानाच्या पात्राने लोखंडी फाटक उचललं, आणि त्याला कुणी टेबल उचलून दाखवायला सांगितलं नाही. पुढच्या दोन तासांत ती मुलगी फारसं बोललीच नाही. जो फडाफडा बोलतो, सिनेमातले संवाद फेकतो, मध्येमध्ये सफाईदार इंग्रजी पेरतो, त्याची पात्रं नियमाविना चालणाऱ्या टेबलावर हमखास यशस्वी होतात. तिला सांगायला लावायचं होतं ते एवढंच: सरदाराकडून काय हवंय, आणि त्याची कुठली नस धरतेस. तेवढं तिला उत्तम सांगता आलं असतं. पुढचं फाशाचं काम. नियम हा लाजऱ्या माणसाचा टेबलावरचा वाटा असतो, आणि 'आमच्याकडे नियमबियम फारसे नाहीत, मजा असते' म्हणणाऱ्या टेबलांवर तो वाटा कोण खातं हे बघावं.

डीएमने समोर उभ्या केलेल्या पडद्यामागे फासा टाकून निकाल गुपचूप बदलण्याचा प्रकार मी याच हिशेबात धरतो. 'गोष्ट चांगली व्हावी म्हणून' केलं जातं ते. हेतू चांगला असतो, मान्य. पण पात्र मरू नये असं वाटत असेल, तर या लढाईत मरण नाही हे आधी सांगावं. हरलात तर कैद व्हाल, गाव जळेल, तलवार जाईल. त्यानेही छातीत धडधडतं. फासा टाकून तो लपवला की खेळाडूने घेतलेली जोखीम खोटी ठरते, आणि ती खोटी होती हे त्याला कधी कळतही नाही.

नियमांच्या अक्षराला चिकटून जगाला वेठीला धरणाऱ्या खेळाडूंबद्दल फार लिहायला नको. हजारो शेतकरी रांगेत उभे करून सहा सेकंदांच्या एका फेरीत एक काठी हातोहात मैलभर पुढे न्यायची, आणि मग 'एवढ्या वेगाने सुटलेली काठी किल्ला फोडेल' म्हणायचं, हा जुना दाखला सगळ्यांना ठाऊक आहे. यात काठी पळवताना खेळाचे नियम लावले जातात आणि ती आदळताना पदार्थविज्ञानाचे. एका वेळी एकच लावा, युक्ती संपते. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, हे २०२४ च्या डन्जन मास्टर्स गाइडने छापूनच टाकलं, ते बरं झालं.

टेबलाने स्वतःचे नियम करावेत का? जरूर करावेत. गल्ली क्रिकेटमध्ये समोरच्या काकूंच्या गॅलरीत चेंडू गेला की आउट, हे टॉसच्या आधी ठरतं. बॅट्समनने फटका मारल्यावर ठरवलं तर भांडण होणारच. इथेही वेळ तेवढीच महत्त्वाची. पहिल्या सेशनच्या आधी एकदा बसून मरण असेल का, फासे उघडे पडतील का, एखाद्याला नको असलेले विषय कोणते, आणि निकालावर हरकत घ्यायची ती तिथल्या तिथे की सेशननंतर, एवढं बोलून घेतलं तर बरेच वाद जन्मालाच येत नाहीत.

मराठीत खेळणाऱ्यांपुढे या प्रश्नाचा एक आणखी पदर आहे. आपण बोलतो मराठीत, भांडतो मराठीत, पात्रंही हळूहळू मराठी बोलू लागतात. पुस्तकं मात्र जाड, महाग आणि इंग्रजीत. साहजिकच ज्याचं इंग्रजी वाचन सराईत, तो नियमांचा मालक होतो, आणि बहुतेक वेळा तोच डीएमही असतो. बाकीच्यांना नियम त्याच्या तोंडून कळतात. 'असं पुस्तकात आहे' यावर त्यांना काही म्हणता येत नाही. नियमांनी डीएमला बांधावं असं म्हणायचं, तर ते नियम इतरांना वाचता तरी यायला हवेत.

हे आता करता येण्याजोगं आहे. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने, इतरांना हे नियम वापरून आपलं काही छापू देणाऱ्या खुल्या परवान्यात बदल करू पाहिला, जगभरच्या खेळाडूंनी आणि छोट्या प्रकाशकांनी त्याविरुद्ध रान उठवलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. श्रेय नमूद केलं की त्याचा अनुवाद कुणीही करू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. चारशे पानं मराठीत आणायची गरज नाही. राक्षस राहू देत, मंत्रांची लांबलचक यादी राहू दे. काठिण्याचं कोष्टक, सेव्ह कधी आणि कशाचा, ॲडव्हांटेज कधी, आडवं पडलेल्या किंवा जखडलेल्या पात्राला काय करता येतं, आणि फासे टाकण्याआधी डीएमने काय काय सांगणं बंधनकारक आहे, एवढं दोन-तीन पानांत बसतं. शेवटचा भाग एसआरडीमध्ये नाही. तो आपला आपल्यालाच लिहावा लागेल. त्याची एकेक छापील प्रत प्रत्येक खेळाडूच्या हातात हवी, डीएमच्या पडद्यामागे एकच असून चालणार नाही.